अपूर्णविराम

अपूर्णविराम (:) हे एकाखाली एक अशा दोन ठिपक्यांनी दर्शविले जाणारे विरामचिन्ह आहे. वाक्याचा एक भाग संपला, परंतु त्याने सूचित केलेला तपशील, स्पष्टीकरण अथवा यादी अद्याप यावयाची आहे, हे वाचकास कळविणे हे त्याचे मुख्य कार्य होय. इंग्रजीत यास कोलन म्हणतात. गुणोत्तर, वेळ, संगणकीय पत्ते व आज्ञावली यांतही हे चिन्ह वापरले जाते.

मराठीच्या संदर्भात अपूर्णविरामाचा विचार करताना विसर्गाचा (ः) विचार टाळता येत नाही. दोन्ही चिन्हे दिसायला जवळजवळ सारखी असली तरी अपूर्णविराम हे शब्दाबाहेरचे विरामचिन्ह आहे, तर विसर्ग हा शब्दाच्या अंगभूत असलेला वर्ण आहे. संगणकावर मराठी लिहिताना विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकित करण्याची चूक अतिशय आढळते. तिचे परिणाम केवळ दिसण्यापुरते नसतात. शब्दाचा शोध, अनुक्रम, शुद्धलेखन-तपासणी आणि फाइलचे नाव या सर्वांवर ते होतात.

नाव

कोलन हा शब्द मूळ ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ अवयव किंवा अंग असा आहे. ग्रीक वक्तृत्वशास्त्रात वाक्याच्या एका अंगास ही संज्ञा होती. पुढे ते अंग जेथे संपते तेथील चिन्हासच हे नाव मिळाले. मराठीतील ‘अपूर्णविराम’ हे नाव चिन्हाच्या कार्यावरून पडले आहे. येथे वाचक थांबतो, पण आशय पूर्ण झालेला नसतो. अर्धविराम (;) व अपूर्णविराम ही नावे अर्थाने जवळची असल्याने त्यांची अदलाबदल होताना दिसते. अर्धविराम दोन स्वतंत्र पण संबंधित वाक्यांना जोडतो. अपूर्णविरामानंतर येणारा मजकूर मात्र आधीच्या मजकुराचा उलगडा करणारा असतो.

इतिहास

इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत ॲलेक्झांड्रिया येथील ग्रंथपाल ॲरिस्टोफेनीस (बायझँटियमचा) याने वाचनातील लहानमोठे विराम दाखविण्यासाठी ओळीत निरनिराळ्या उंचीवर ठिपके देण्याची पद्धत योजली. स्वल्पविराम व अपूर्णविराम यांची युरोपीय नावे या पद्धतीतील संज्ञांवरून आली आहेत. दोन ठिपक्यांचे आजचे रूप व त्याचा आजचा उपयोग मात्र पुढील अनेक शतकांत, विशेषतः छपाईच्या प्रसारानंतर, स्थिर झाला.

भारतीय लेखनपरंपरेत विरामचिन्हांची संख्या अल्प होती. देवनागरी पोथ्यांमध्ये एक दंड (।) व दोन दंड (॥) यांवर काम भागत असे. मोडी लेखनात तर शब्दांमध्ये अवकाश सोडण्याचीही प्रथा नव्हती. एकोणिसाव्या शतकात छपाई, शालेय पुस्तके आणि इंग्रजीतून होणारी भाषांतरे यांच्याबरोबर युरोपीय विरामचिन्हे मराठीत आली. मराठी गद्यात ती रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः मेजर टॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या (१८३१) कामातही त्यांचा सहभाग होता.

स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वा उद्गारचिन्ह यांच्यासारखे दिसणारे कोणतेही चिन्ह देवनागरीत आधी नव्हते. त्यामुळे त्यांचा स्वीकार निर्वेधपणे झाला. अपूर्णविरामाचे तसे नव्हते. दोन ठिपक्यांची जागा देवनागरीत विसर्गाने फार पूर्वीच व्यापलेली होती. खिळ्यांच्या छपाईत आणि हस्तलेखनात हा प्रश्न तीव्र झाला नाही, कारण वाचकाचा डोळा संदर्भावरून दोन्ही चिन्हे सहज वेगळी ओळखतो. संगणकास संदर्भ कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक चिन्ह म्हणजे एक ठरावीक क्रमांक असतो. म्हणून हा जुना सारखेपणा संगणकाच्या काळात अडचणीचा ठरला.

मराठीतील वापर

मराठी लेखनात अपूर्णविराम पुढील प्रसंगी वापरतात.

• यादी किंवा तपशील देण्यापूर्वी. उदा. सहलीस येताना पुढील वस्तू आणाव्यात : पाण्याची बाटली, टोपी, वही व पेन.

• आधीच्या विधानाचे स्पष्टीकरण करताना. उदा. गावाची अडचण एकच होती : उन्हाळ्यात विहिरी आटत.

• शीर्षक व उपशीर्षक यांच्यामध्ये. उदा. कोकणातील शेती : काल आणि आज.

• नाटकात किंवा मुलाखतीत बोलणाऱ्याचे नाव लिहिल्यावर.

• अर्ज, पत्रे व नमुन्यांमध्ये. उदा. विषय :, संदर्भ :, दिनांक :

• गुणोत्तर दर्शविताना. उदा. सिमेंट व वाळू यांचे प्रमाण १:४ असे घ्यावे.

• वेळ लिहिताना. उदा. १०:३०. मराठी छपाईत वेळेसाठी बिंदूही (१०.३०) रूढ आहे. मात्र बिंदू हे दशांशचिन्हही असल्याने वेळापत्रके व तक्ते यांत अपूर्णविराम अधिक निःसंदिग्ध ठरतो. दिनांक व वेळ यांच्या लेखनासाठी असलेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातही तास, मिनिटे व सेकंद यांच्यामध्ये अपूर्णविरामच योजला आहे.

वाक्यातील क्रियापद व त्याचे कर्म यांच्यामध्ये अपूर्णविराम देऊ नये. ‘त्याने आंबे, फणस व काजू आणले’ या वाक्यात यादी असली तरी वाक्याचा ओघ कोठेही थांबत नाही, म्हणून तेथे अपूर्णविरामाची गरज नाही.

अपूर्णविराम व रेषा

मराठी प्रश्नपत्रिका, अर्ज आणि फलक यांवर अपूर्णविरामापुढे आडवी रेषा जोडून (:-) लिहिण्याची पद्धत दिसते. हिंदी व्याकरणात या जोडचिन्हास विवरणचिन्ह असे स्वतंत्र नाव आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र रेषेने नवीन काही साधत नाही. नुसत्या अपूर्णविरामानेही तेच कार्य होते.

चिन्हापूर्वीचा अवकाश

इंग्रजीत अपूर्णविराम आधीच्या शब्दाला चिकटवून लिहितात, तर फ्रेंच छपाईत त्यापूर्वी अवकाश सोडतात. मराठीत दोन्ही पद्धती आढळतात. चिन्ह अक्षराला चिकटून आल्यास ते विसर्गासारखे भासू शकते, ही बाब लक्षात घेता अपूर्णविरामापूर्वी थोडा अवकाश सोडणे देवनागरीस सोयीचे आहे. ‘अर्थ:’ हे मराठी कोशातील नोंदीचे शीर्षक असू शकते, तर ‘अर्थः’ हे त्याच शब्दाचे संस्कृतातील प्रथमेचे एकवचन आहे. ‘अर्थ :’ असे लिहिल्यास संदेह उरत नाही.

विसर्ग व अपूर्णविराम

भाषिक भेद

विसर्ग या शब्दाचा अर्थ सोडणे असा आहे. प्राचीन व्याकरणग्रंथांत त्यास विसर्जनीय म्हटले आहे. स्वरानंतर ‘ह’सारखा श्वास सोडून त्याचा उच्चार होतो. पारंपरिक वर्णमालेत अनुस्वार व विसर्ग यांची गणना स्वरादींमध्ये केली जाते. मराठीत विसर्ग प्रामुख्याने संस्कृतातून आलेल्या तत्सम शब्दांत येतो : दुःख, अंतःकरण, प्रातःकाल, अधःपात, मनःस्थिती, निःपक्षपाती, तेजःपुंज. ‘तः’ व ‘शः’ या प्रत्ययांनी झालेली अव्यये मराठीत फार वापरली जातात. सामान्यतः, विशेषतः, वस्तुतः, अंशतः, क्रमशः, अक्षरशः ही त्यांची काही उदाहरणे होत. ‘स्वतः’ या शब्दास तर विभक्तिप्रत्ययही लागतात, आणि मग स्वतःला, स्वतःचा, स्वतःहून अशा रूपांत विसर्ग शब्दाच्या मध्यभागी येतो.

विसर्ग हा वर्ण असल्यामुळे तो संधीत भाग घेतो आणि पुढील वर्णानुसार बदलतो. मनः + रथ यांचे मनोरथ होते, दुः + जन यांचे दुर्जन होते, निः + चय यांचे निश्चय होते. प्रातः + काल येथे तो तसाच राहतो. अपूर्णविराम असा कोणत्याही वर्णाशी संधी करीत नाही. तो उच्चारला जात नाही, त्याच्या जागी केवळ थांबले जाते. पुढील दोन वाक्ये ताडून पाहावीत.

• माझे मत: सभा वेळेवर व्हावी.

• वस्तुतः सभा वेळेवर व्हावी.

पहिल्या वाक्यात ‘मत’ या शब्दापाशी वाचक थांबतो, म्हणून तेथे अपूर्णविराम आहे. दुसऱ्यात दोन ठिपके काढून टाकल्यास ‘वस्तुत’ असा निरर्थक शब्द उरतो, म्हणून तेथे विसर्ग आहे. चिन्ह काढून पाहिल्यावर शब्द पूर्ण राहतो की तुटतो, ही या दोहोंतील भेद ओळखण्याची सोपी कसोटी आहे.

संगणकीय भेद

युनिकोड या सार्वत्रिक संकेतप्रणालीत दोन्ही चिन्हांस स्वतंत्र स्थाने आहेत. अपूर्णविरामाचा दशमान क्रमांक ५८ आहे. हा क्रमांक आस्की या जुन्या संकेतप्रणालीतून जसाच्या तसा आला असून ० ते ९ या इंग्रजी अंकांच्या (४८ ते ५७) लगेच पुढे येतो. युनिकोडमध्ये अपूर्णविरामाची नोंद विरामचिन्ह म्हणून असून तो कोणत्याही एका लिपीचा नाही.

देवनागरी विसर्गाचा दशमान क्रमांक २३०७ (षोडशमान ०९०३) आहे. त्याचे वर्गीकरण जोडचिन्ह असे असून काना-मात्रांप्रमाणे तो आधीच्या अक्षराचा भाग मानला जातो. भारतीय लिपींसाठी तयार केलेल्या इस्की या मानकातही चंद्रबिंदू, अनुस्वार व विसर्ग अशी सलग स्थाने होती. युनिकोडने देवनागरीसाठी तोच क्रम ठेवला.

चुकीच्या वापराचे परिणाम

विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकित केल्यास पुढील अडचणी उद्भवतात.

• शोध : ‘दुःख’ हा शब्द शोधणाऱ्यास ‘दु:ख’ असे लिहिलेला मजकूर सापडत नाही. काही शोधयंत्रे असा फरक सांभाळून घेतात. परंतु एखाद्या दस्तऐवजात किंवा उघडलेल्या पानात नेहमीच्या पद्धतीने शोध घेतल्यास ही दोन रूपे भिन्नच ठरतात. डिजिटल ग्रंथसंग्रह व कोश यांच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो, की मजकूर उपलब्ध असूनही अभ्यासकापर्यंत पोहोचत नाही.

• अनुक्रम : संकेतक्रमांकानुसार लावलेल्या यादीत ‘दु:ख’ हा शब्द ‘दुंदुभी’च्या आधी, तर ‘दुःख’ हा त्याच्या नंतर येतो. एकच शब्द दोन ठिकाणी विभागला जातो.

• शुद्धलेखन-तपासणी : तपासणी करणारी आज्ञावली ‘दु:ख’ हा शब्द अशुद्ध ठरविते किंवा त्याचे ‘दु’ व ‘ख’ असे तुकडे करते. शब्दगणनाही त्यामुळे चुकू शकते.

• वाचिक रूपांतर : दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावली अपूर्णविरामापाशी थांबू शकतात किंवा त्या चिन्हाचे नाव उच्चारू शकतात. शब्दाच्या मध्येच असे झाल्यास अर्थबोधात व्यत्यय येतो.

• फाइलचे नाव : विंडोज प्रणालीत फाइलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही. त्यामुळे ‘अंत:करण’ या नावाने फाइल जतन करता येत नाही, ‘अंतःकरण’ या नावाने करता येते.

उलट चूकही आढळते. अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकित केल्यास आणि त्यापूर्वी अवकाश असल्यास विसर्गास आधारासाठी अक्षर मिळत नाही. अशा वेळी अनेक संगणकांवर व मोबाइलवर ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ व त्यापुढे विसर्ग असे दिसते. मराठी बातम्यांच्या आरंभी गावाच्या नावापुढे असे वर्तुळ दिसल्यास त्याचे कारण बहुधा हेच असते.

कळफलकावरील स्थान

प्रचलित इंग्रजी कळफलकावर अपूर्णविराम व अर्धविराम यांची कळ एकच असून ती ‘एल’ या अक्षराच्या उजवीकडे असते. शिफ्ट दाबून ती कळ दाबल्यास अपूर्णविराम उमटतो.

भारत सरकारने प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत त्याच कळेवर ‘च’ व ‘छ’ ही अक्षरे आहेत. विसर्गासाठी शून्याच्या उजवीकडील, म्हणजे संयोगचिन्हाची, कळ शिफ्टसह दाबावी लागते. म्हणजे या मांडणीत विसर्ग हाताशी असतो, आणि अपूर्णविरामासाठी पुष्कळदा इंग्रजी मांडणीकडे वळावे लागते. अपूर्णविरामाऐवजी विसर्ग वापरला जाण्यामागे हे एक कारण संभवते.

उच्चारानुसारी म्हणजे रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटविणाऱ्या पद्धतींमध्ये स्थिती नेमकी उलट असते. तेथे अपूर्णविरामाची कळ नेहमीच्या जागी असते, तर विसर्ग उमटविण्याची खूण माहीत असावी लागते. आयट्रान्स या प्रचलित संकेतानुसार मोठ्या लिपीतील ‘एच’ हे अक्षर विसर्गासाठी योजले आहे. ही खूण ठाऊक नसलेला लेखक दिसण्यातील साम्यामुळे अपूर्णविरामावर वेळ भागवून नेतो.

टंकित केलेले चिन्ह कोणते आहे हे पडद्यावर ओळखण्यासाठी बाणाच्या कळेने शब्दातून पुढे सरकत जावे. विसर्ग आधीच्या अक्षराशी जोडलेला असल्याने बहुतेक ठिकाणी दर्शक त्या दोहोंना एकत्रच ओलांडतो. अपूर्णविराम असल्यास दर्शक अक्षर व चिन्ह यांच्यामध्ये एकदा थांबतो.

दुरुस्तीची पद्धत

आधीच लिहिलेल्या मजकुरात विसर्गाच्या जागी आलेले अपूर्णविराम शोधून बदलताना सर्वत्र एकदम बदल करणे धोक्याचे असते. पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये अवकाशाविना आलेले चिन्ह बहुधा विसर्ग असते (दु:ख, अंत:करण, स्वत:ला). विकीवरील ‘वर्ग:’, ‘साचा:’, ‘सदस्य:’, ‘चर्चा:’ यांसारख्या नामविश्वदर्शक शब्दांपुढे मात्र अपूर्णविरामच हवा. तेथे विसर्ग आल्यास दुवा तुटतो.

२. शब्दाच्या शेवटी आलेल्या चिन्हाचा निर्णय शब्दानुसार करावा. सामान्यतः, मूलतः, पूर्णतः, शब्दशः, प्रायः अशा अव्ययांची यादी करून तेवढेच बदल करावेत. ‘अंत:’ यासारखे रूप प्रत्यक्ष वाचल्याविना बदलू नये, कारण ते ‘अंत’ हे शीर्षकही असू शकते.

३. दोन अंकांमधील चिन्ह नेहमी अपूर्णविरामच असते.

४. अवकाशानंतर आलेले चिन्हही अपूर्णविरामच असते, कारण विसर्ग अक्षराविना येत नाही.

५. लेखाच्या शीर्षकात चूक असल्यास लेख विसर्गयुक्त नावाकडे स्थानांतरित करून चुकीच्या नावावरून पुनर्निर्देशन ठेवावे. त्यामुळे दोन्ही रूपांनी शोधणारा वाचक एकाच लेखावर येतो.

हे काम सांगकाम्याकडून करून घेतल्यास पहिल्या दोन प्रकारांतील बदल माणसाने नजरेखालून घालणे आवश्यक आहे.

गणित व संगणकशास्त्रातील उपयोग

जर्मन गणितज्ञ लाइबनित्स याने १६८४ मध्ये भागाकारासाठी अपूर्णविरामाचा उपयोग केला. जर्मनीसह युरोपातील काही देशांत शालेय गणितात तो आजही भागाकारचिन्ह म्हणून वापरतात. मराठी शालेय गणितात तो गुणोत्तरापुरता मर्यादित आहे.

महाजालावरील पत्त्यांत संकेताचे नाव व पुढील भाग अपूर्णविरामाने वेगळे केले जातात. विंडोजमध्ये ‘सी’, ‘डी’ या साठवण-विभागांच्या नावापुढे अपूर्णविराम येतो. फाइलच्या नावात तो निषिद्ध असण्यामागे हेही एक कारण आहे. आयपी पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीत १२८ बिटांचा पत्ता १६ बिटांच्या ८ गटांत विभागून त्या गटांमध्ये अपूर्णविराम देतात. पायथॉन या संगणकभाषेत अट किंवा आवर्तन सुरू करणाऱ्या ओळीच्या शेवटी अपूर्णविराम अनिवार्य असतो. तेथेही ‘यापुढे तपशील येत आहे’ हाच त्याचा मूळ अर्थ टिकून आहे.

विकी-प्रणालीत पानाच्या नावातील नामविश्व व शीर्षक यांना अपूर्णविराम वेगळे करतो. चर्चापानावर ओळीच्या आरंभी तो दिल्यास ती ओळ उजवीकडे सरकते. दुव्यात ‘वर्ग’ या शब्दापूर्वी अपूर्णविराम दिल्यास पान त्या वर्गात समाविष्ट न होता वर्गाचा केवळ दुवा उमटतो.

१९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन यांनी संगणकीय संदेशांत विनोद दर्शविण्यासाठी :-) हे चिन्ह सुचविले. त्यात अपूर्णविराम डोळ्यांच्या जागी आहे.

सारखी दिसणारी इतर चिन्हे

दोन ठिपक्यांची अनेक चिन्हे युनिकोडमध्ये आहेत. गुणोत्तरासाठी स्वतंत्र गणिती चिन्ह (∶) आहे. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत दीर्घ स्वर दाखविण्यासाठी दोन लहान त्रिकोणांचे चिन्ह (ː) योजतात. आर्मेनियन लिपीतील पूर्णविराम (։) अपूर्णविरामासारखाच दिसतो. फिनिश भाषेत अपूर्णविराम शब्दाच्या आतही येतो. तेथे संक्षेपास विभक्तिप्रत्यय जोडताना मध्ये तो लिहितात. इतर भारतीय लिपींतील विसर्गांनाही प्रत्येकी वेगळे स्थान आहे, म्हणून बंगाली, गुजराती वा कन्नड कळफलकावरून उमटलेला विसर्ग देवनागरी शब्दात वापरू नये.